समुद्रकांठचें गांवकुरण : सेंट अँड्र्यूजची हिरवळ व आमचीं गायरानें

शेतकऱ्यांच्या मासिकांत गोल्फ ह्या खेळाचा विषय निघालेला पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. हा धनिकांचा खेळ. खोडाळ्याच्या माळावर नागली, वरई व खुरासणी पिकविणाऱ्या आम्हां लोकांचा त्याच्याशीं संबंध तो काय, असें कोणी विचारील तर तें रास्तच होय. परंतु आम्ही जें सांगणार आहों तें खेळाविषयीं थोडें व जमिनीविषयीं अधिक आहे. स्कॉटलंड देशांत सेंट अँड्र्यूज म्हणून समुद्रकांठीं एक लहानसें शहर आहे. त्याच्या वेशीपाशीं गांवाच्या वहिवाटीचें एक नापीक कुरण आहे. तें एकदां गांवाच्या हातून गेलें, सत्याण्णव वर्षांनीं कायद्यानें परत गांवाच्या हातीं आलें, आणि आज जगांत सर्वांत नांवाजलेलें गोल्फचें मैदान असूनही तें सर्वांस खुलें आहे. हें कसें घडलें, हें ज्या ज्या गांवास गायरान आहे त्या त्या गांवानें समजून घेण्याजोगें आहे.

प्रथम खेळ थोडक्यांत सांगतों. काठीनें एक लहान चेंडू टोलवीत दूरच्या एका गलींत घालावयाचा, मग दुसऱ्या गलीकडे निघावयाचें, अशा अठरा गली पुऱ्या करावयाच्या. ज्यास कमी टोले लागले तो जिंकला. आमच्याकडचीं मुलें गुरांमागें जातांना विटीदांडू खेळतात, त्याच्याच जातीचा हा खेळ समजावा. तिकडेही तो मोकळ्या चराऊ जमिनीवरच वाढला. लोकांस त्याचें वेड इतकें लागलें कीं, तरुण मंडळी धनुर्विद्येचा अभ्यास टाकून ह्याच्या नादीं लागते म्हणून १४५७ सालीं स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें त्यावर बंदी घातली होती. बंदी पुढें उठली. खेळ मात्र राहिला.

आतां जमीन पाहूं. समुद्र व पिकाऊ शेतें यांच्या मधल्या रेताड, उंचसखल पट्ट्यास तिकडे 'लिंक्स' म्हणतात. नांगर घालावा तर वाळू वाऱ्यानें उडून जावी, पेरावें तर ओल टिकूं नये, अशी ती जमीन. आमच्या दफ्तराच्या भाषेंत बोलावयाचें तर वरकसाहूनही हलकी. तिच्यावर बारीक पात्याचें, चिवट, आंखूड गवत तेवढें येतें. मेंढरें व ससे तें खुरटून ठेवीत. समुद्रावरचा वारा चुकविण्याकरितां मेंढरें जेथें आडोशास बसत तेथें वाळू उकरली जाऊन खळगे पडले, व तेच पुढें खेळांतील अडथळे झाले, अशी तिकडची परंपरागत समजूत आहे. तेथील मुख्य मैदानावर असे वाळूचे खळगे आज ११२ आहेत. ह्या मैदानास 'ओल्ड कोर्स', म्हणजे जुनें मैदान, असेंच म्हणतात. तें एका मनुष्यानें आंखून केलेलें नाहीं. वारा, वाळू, मेंढरें आणि पिढ्यान् पिढ्यांचे पाय यांनीं तें घडविलें. मैदानावरून एक ओढा वाहतो. त्यावरील लहानसा दगडी पूल आज जगभर चित्रांत छापला जातो. परंतु तो मूळचा मेंढपाळांचे कळप पलीकडे नेण्याकरितां बांधलेला आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

ह्या कुरणाचें हक्कदफ्तर पाहण्यासारखें आहे. १५५२ सालीं तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांस लिंक्सवर ससे पाळावयाचे होते. त्यांनीं त्याकरितां नगराची संमति घेतली, आणि त्याच लेखांत गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी व इतर सर्व खेळ खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क मान्य करून दिला. वाचकांनीं येथें लक्ष द्यावें. एवढा मोठा धर्माधिकारी, तरी त्यास गांवाच्या कुरणावर ससे सोडावयाचे तर गांवास विचारावें लागलें. आणि तें विचारणें व गांवाचें उत्तर हीं दोन्हीं लेखी राहिलीं. खेळणारे पुढें कागद शोधूं लागले तेव्हां हाच कागद त्यांस उपयोगीं पडला.

परंतु लेख असला म्हणजे जमीन सुरक्षित राहिली असें होत नाहीं. १७९७ च्या सुमारास नगरसभेवर कर्जाचा डोंगर झाला. कर्जदार जें प्रथम करतो तेंच तिनेंही केलें. जी जमीन पिकत नाहीं ती विकली. डेम्प्स्टर नांवाचे व्यापारी ह्या कुरणाचे धनी झाले व त्यांनीं मांस व कातडें यांकरितां तेथें सशांची पैदास आरंभिली. ससे बेसुमार वाढले, हिरवळींत बिळें पडलीं, खेळ मोडण्याची वेळ आली. मग खेळणारे व नगरवासी एकीकडे व सशांचे धनी दुसरीकडे, असा तंटा माजला. कज्जे झाले, मारामाऱ्या झाल्या. हें प्रकरण वीस वर्षांहून अधिक चाललें. शेवटीं १८२१ सालीं जेम्स चीप नांवाच्या शेजारच्या जमीनदारानें तें कुरण विकत घेतलें व खेळाकरितां राखलें. त्या गृहस्थाचे उपकार खरेच; तथापि गांवाचें कुरण एका भल्या माणसाच्या मर्जीवर राहणें ही कांहीं कायमची व्यवस्था नव्हे. भल्या माणसाचा वारस भलाच निघेल असा करार कोणत्याही दस्तांत लिहितां येत नाहीं. हें ओळखून नगरानें पुढें प्रयत्न चालविले, आणि १८९४ सालीं पार्लमेंटाच्या खास कायद्यानें लिंक्स परत नगराच्या हातीं आलें. त्यानंतर १८९५ सालीं दुसरें व १८९७ सालीं तिसरें मैदान तयार झालें. आज एकंदर सात मैदानें आहेत. १९७४ सालीं पार्लमेंटाच्या दुसऱ्या कायद्यानें एक विश्वस्त मंडळ नेमलें गेलें व कारभार त्याच्याकडे सोंपविला गेला. खेळणाऱ्यांकडून येणारा पैसा कोणा मालकाच्या खिशांत जात नाहीं. तो त्याच जमिनीच्या राखणीवर खर्च होतो.

'सर्वांस खुलें' ह्या शब्दांचा अर्थही नीट पाहिला पाहिजे, कारण तो ठिकठिकाणीं निराळा असतो. अमेरिकेंत पॅसिफिक महासागराच्या कांठीं पेबल बीच म्हणून १९१९ सालीं सुरू झालेलें असेंच एक विख्यात मैदान आहे. तेंही कोणासही खुलें आहे. मात्र एका खेळास कित्येक शें डॉलर मोजण्याची ज्याची ऐपत आहे त्यासच तें खरोखर खुलें, आणि त्याची मालकी एका कंपनीकडे आहे. सेंट अँड्र्यूज येथेंही परक्यांकडून भरपूर फी घेतात, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. परंतु गांवांतील रहिवाशांस वर्षाचें तिकीट माफक दरानें मिळतें. जुन्या मैदानावरील खेळाच्या वेळांपैकीं बराच भाग चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वांटला जातो. दोन दिवस आधीं नांव द्यावें. नांव निघालें तर खेळावें, न निघालें तर पुन्हां नांव द्यावें. पहिल्या व शेवटच्या पट्टीवरून एक जुनी गाडीवाट आडवी जाते, ती आजही सार्वजनिक आहे. मोठा नामांकित खेळाडू असला तरी वाटसरू पलीकडे जाईपर्यंत त्यास थांबावें लागतें. वहिवाटीची वाट नकाशावर असणें निराळें व ती पायाखालीं चालू राहणें निराळें, हें ज्यानें रस्त्याचीं प्रकरणें चालतांना पाहिलीं आहेत त्यास सांगावयास नको.

आणखी एक प्रघात आम्हांस सर्वांत अधिक भावला. मोठ्या स्पर्धांचा अपवाद सोडला तर जुनें मैदान रविवारीं खेळास बंद असतें. त्या दिवशीं गांवचीं माणसें बायकामुलांसह तेथें फिरावयास जातात. टॉम मॉरिस (१८२१–१९०८) हा त्याच गांवीं जन्मलेला पुरुष सुमारें चाळीस वर्षें, म्हणजे १९०३ पर्यंत, त्या हिरवळीचा राखणदार होता. खेळणाऱ्यांस विसांवा नको असला तरी जमिनीस तो हवा असतो, अशा अर्थाचें त्याचें बोलणें तिकडे अजून सांगतात. त्याचा दुसरा उपाय म्हणजे वाळू. हिरवळ मलूल दिसली कीं तिच्यावर पातळ वाळू पसरावी, म्हणजे गवताचीं मुळें झांकलीं जातात, पाणी झटकन् निचरतें व पृष्ठभाग सपाट होतो. तिसरी गोष्ट अशी कीं, एके काळीं त्या मैदानावर एक आठवडा उजवीकडून व एक आठवडा डावीकडून खेळण्याची पद्धत होती. त्यामुळें एकाच जागीं पाय पडून गवत मरत नसे. विसांवा, भर आणि फेरपालट हे तीन नियम शेतकऱ्यास नवे नाहींत. आपण ते पिकास लावतों. गायरानास मात्र एकही लावीत नाहीं.

समुद्राकडील वाळूच्या टेकड्या लाटांनीं खचूं नयेत म्हणून त्यांवर मारम नांवाचें खोल मुळाचें गवत लावून त्या बांधून ठेवण्याचें कामही तेथें चालू आहे. आमच्या कोंकणपट्टीवर हें काम मर्यादवेल आपण होऊन करते. ती उपटून किनारा उघडा करूं नये एवढें जरी आपण पाळलें तरी पुष्कळ होईल.

येथें गवताविषयीं एक मौजेची हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हरळी ही आमच्या शेतकऱ्याची पिढीजात वैरीण. नांगरटीमागून तिच्या काशा वेंचतां वेंचतां कंबर मोडते. परंतु उष्ण देशांतील गोल्फच्या मैदानांवर मुख्यतः हिचीच हिरवळ असते, व ती मोठ्या खर्चानें जोपासली जाते. अमेरिकेंत जॉर्जिया संस्थानांतील टिफ्टन येथें ग्लेन बर्टन नांवाच्या शास्त्रज्ञानें प्रथम १९४३ सालीं गुरांच्या चाऱ्याकरितां हरळीची 'कोस्टल' ही जात दिली. पुढें आफ्रिकेंतील बारीक पानाच्या एका भाऊबंद जातीशीं हरळीचा संकर करून त्यानें मैदानांकरितां 'टिफग्रीन' (१९५६), 'टिफवे' (१९६०) इत्यादि जाती काढल्या. ह्याच बर्टनच्या हातून बाजरीचें 'टिफ्ट २३ ए' हें नर-वंध्य वाण तयार झालें. त्याचा उपयोग करून लुधियाना येथें आपल्या देशांतील पहिली संकरित बाजरी, एच. बी. १, निर्माण झाली व १९६५ सालीं ती शेतकऱ्यांच्या हातीं आली. देशावरच्या ज्या बंधूंनीं संकरित बाजरीचें पीक घेतलें आहे त्यांच्या भाकरीशीं गोल्फच्या हिरवळीचें असें नातें आहे. गवत हें क्षुद्र नव्हे. कोणत्या जागीं कोणतें असावें एवढाच प्रश्न असतो.

आतां आपल्या गांवाकडे वळतों. मोखाडें व जव्हार ह्या डोंगरी मुलखांत पाऊस शंभर इंचांच्या आसपास पडतो, म्हणजे सेंट अँड्र्यूजच्या जवळजवळ चौपट. असें असूनही चैत्र–वैशाखांत खोडाळ्याच्या आसपासचे माळ उघडे पडतात व गुरांच्या फासळ्या मोजतां येतात. पाऊस कमी म्हणून हें होत नाहीं. मृगाच्या सरींनीं गवताचें कोंब वर येतात न येतात तोंच सारीं गुरें त्यावर सुटतात. बीं धरण्यास वेळ मिळत नाहीं. मग उघड्या मातीवर आषाढाचा पाऊस कोसळतो, माती वैतरणेच्या वाटेस लागते व कातळ वर येतो. शेडा, पवना, मारवेल अशीं चांगलीं गवतें जातात आणि गुरांनीं तोंड न लावलेली कुसळी तेवढी मागें उरते.

कायद्याची बाजू वाचकांस ठाऊक असावी म्हणून सांगतों. गांवच्या गुरांस मोफत चराईकरितां जमीन राखून ठेवण्याची तरतूद १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ३८ व्या कलमांत होती. तीच पुढें १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २२ व्या कलमांत आली. अशी राखलेली जमीन कलेक्टरच्या मंजुरीवांचून दुसऱ्या कामीं लावतां येत नाहीं. २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पंजाबांतील एका प्रकरणांत, गांवाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा ताबे दूर करून त्या गांवास परत देण्याची योजना करावी, असें सर्व राज्यांस फर्माविलें. आमचा तालुका अनुसूचित क्षेत्रांत आहे. तेव्हां १९९६ च्या पेसा कायद्यानें ग्रामसभेच्या शब्दास विशेष वजन आहे, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानें सामूहिक वनहक्कही मागतां येतो. म्हणजे सेंट अँड्र्यूजच्या लोकांस जें मिळविण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं, तसा आधार आपणांस कागदावर आधींच मिळालेला आहे.

परंतु कागदावरचा एक शब्द काय करूं शकतो हें आम्ही स्वतःच्या हातानें पाहिलें आहे, व तें सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. महसुली कारकुनीच्या आरंभींच्या वर्षांत एका डोंगरी गांवीं आम्ही पाहणीस गेलों होतों. ऊन कडक होतें. गायरानाचा नंबर माळावर होता. आम्ही वर चढलों नाहीं. खालीं आंब्याच्या सावलींत बसूनच त्या नंबरापुढें 'पडीक, निरुपयोगी' असा शेरा घातला. पुढें कित्येक वर्षांनीं त्या नंबराचा कांहीं भाग दुसऱ्या कामाकरितां मागणारा अर्ज आला, आणि मंजुरीच्या कागदांत आमचाच शेरा पुरावा म्हणून उतरला. तेव्हां त्या गांवचा एक वृद्ध गुराखी कचेरींत आला. आवाज न चढवितां तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही वर आलाच नव्हतां. आमचीं दीडशें गुरं चार महिने तिथंच असतात. मग ते पडीक कसं?" ह्यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. नंबराचा अर्धा भाग गेला, अर्धा राहिला. सेंट अँड्र्यूजच्या नगरसभेनें तरी कर्जापायीं कुरण विकलें. आम्ही तें उन्हाच्या कंटाळ्यापायीं घालविण्यास हातभार लावला. जी जमीन नांगरली जात नाहीं ती निरुपयोगी, ही समजूत तिकडे १७९७ सालीं होती व इकडे आमच्या लेखणींतही होती.

वाचकांपैकीं बहुतेक जमीनधारक आहेत. म्हणून एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें भाग आहे. गायरानावर ज्या भूमिहीनानें पोटाकरितां नागलीचा तुकडा केला त्याची गोष्ट निराळी. त्याच्या पोटाची सोय लावूनच त्याच्याशीं बोललें पाहिजे. परंतु घरची दहा-वीस एकर जमीन असून जो दरसाल पावसाळ्याआधीं बांध हातभर पुढें सरकवितो, त्यास ही सबब नाहीं. हातभर बांध एका वर्षीं कोणास दिसत नाहीं. वीस वर्षांत त्याची एक पट्टी होते, आणि ती पट्टी शेजाऱ्याच्या वासराच्या तोंडची असते.

उपाय कठीण नाहींत, पण ते गांवानें मिळून करावे लागतात. पहिला उपाय, गायरानाची मोजणी करून हद्दीचे दगड कायम करावे, व दरसाल एक दिवस ठरवून ग्रामसभेनें हद्द पायीं फिरून पाहावी. दुसरा, गायरानाचे तीन भाग करून एक भाग पाळीपाळीनें पावसाळाभर बंद ठेवावा. गवतानें बीं टाकल्यावर तें विळ्यानें कापून न्यावें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार ह्या दुष्काळी गांवानें चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून हेंच केलें. तेथें गवत कापून नेण्यास नाममात्र शुल्क ठेवलें, आणि एके काळीं उजाड असलेल्या त्या डोंगरांवर चारा उभा राहिला. तिसरा उपाय, उतारावर समतल चर खणून त्यांच्या कांठीं मारवेल व स्टायलो यांचें बीं टाकावें. राबाकरितां ऐनाच्या फांद्या तोडावयाच्या त्या मर्यादेनें तोडाव्या. चौथा, गांवाचे नियम तोंडी न ठेवतां ग्रामसभेच्या वहींत लिहून त्यांवर सह्या व अंगठे घ्यावे, व दंडाचा पैसा गायरानावरच खर्च करावा. पांचवा, गायरानाविषयीं दफ्तरांत कोणता शेरा आहे तो गांवांतील दोघां साक्षर गृहस्थांनीं दरसाल वाचून पाहावा, आणि चुकीचा असेल तर लेखी हरकत घ्यावी. ह्या शेवटच्या उपायाविषयीं आम्ही अधिकारानें बोलतों, असें समजावें.

सेंट अँड्र्यूज येथें जगांतील नामांकित खेळाडूंची मोठी स्पर्धा १८७३ सालापासून २०२२ पर्यंत तीस वेळां भरली. राजेरजवाड्यांनींही तेथें चेंडू टोलविला. तथापि त्या ठिकाणाचा खरा थोरपणा रविवारीं दिसतो. त्या दिवशीं काठ्या घरीं राहतात, आणि गांवचीं पोरें त्या जगप्रसिद्ध हिरवळीवर धांवत सुटतात. कारण ती त्यांच्या गांवाची आहे. आमच्या गायरानांवर तशी कीर्ति येण्याचें कारण नाहीं व तिची गरजही नाहीं. येत्या मृगाआधीं प्रत्येक वाचकानें एकदां आपल्या गांवच्या गायरानाच्या माथ्यापर्यंत चढून यावें, हद्द कोठें होती व आज कोठें आहे हें डोळ्यांनीं पाहावें, आणि जें दिसेल तें ग्रामसभेंत उभें राहून सांगावें, एवढीच आमची विनंति आहे.